वजिरापुढचं प्यादं

तीस वर्षं मी राजापुढचंच प्यादं सरकवलं.
सबनीस सरांनी तसंच शिकवलं होतं, दादरच्या त्या हॉलमध्ये,
जिथे मागच्या भिंतीला कॅरमचे बोर्ड टेकवलेले असायचे:
"मुली, डाव उघडा खेळ. भीती वाटली तर अजून उघडा."
खेळले. थोडे जिंकले.
हरले ते बहुतेक पंचविसाव्या चालीच्या आत.

आता रक्तपेढीत रात्रपाळी, परळला.
दोन क्रॉसमॅचच्या मध्ये सुटतो तेवढाच वेळ माझा.
जुन्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर
पांढऱ्याची नवी वही मांडते आहे, एकोणपन्नासाव्या वर्षी,
जागा बदलताना विचारावं तसं सगळं विचारत:
पाणी किती वाजता येतं, वर कोण राहतं.

हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं:
राजापुढचं प्यादं दोन घरं गेलं की एकटं पडतं.
वजिरापुढचं निघतं तेव्हा
त्याच्यामागे, जागचं न हलता,
कुणीतरी आधीच उभं असतं.
असंही निघता येतं तर.

लंडन पाहिली. उंट आधी बाहेर काढायचा, मग दार लावायचं.
समोरचा काहीही खेळो, आपला डबा तोच, भाजी तीच.
आमच्या लॅबमधला परेरा लंडनच खेळतो,
चाळीस चालींत बरोबरी करून घरी जातो, त्याला बीपी नाही.
मोह झाला, खोटं कशाला बोलू.

कॅटलानही पाहिली.
कोपऱ्यातला उंट लांबच्या तिरक्या रेषेवर नजर लावून बसतो,
गॅलरीतून अख्खी गल्ली राखणाऱ्या आमच्या कुमुदकाकूंसारखा.
पण त्यात प्यादं जातं ते कधी परत येतं, कधी नाही,
आणि माझ्याच्याने उधारी विसरवत नाही.

अडले ते क्वीन्स गॅम्बिटच्या एका साध्या फांदीवर.
मध्यावरची प्यादी बदलायची. मग निवांत.
वजिराच्या बाजूला आपली उरतात दोन, त्यांची तीन,
आणि त्या दोघांनी तिघांवर चालून जायचं.
मी पुन्हा मोजलं. दोन. तीन.
मारायला नाही जायचं,
त्यांच्यातलं एक कायमचं दुबळं करून ठेवायला,
पुढचं हत्ती बघतात, सावकाश, उघड्या पट्टीवरून.
पहाटे चारला, फ्रीजच्या घरघरीत, मी एकटीच हसले.
युनियनच्या निवडणुकीत आम्ही नेमकं हेच केलं होतं.
नाव माहीत नव्हतं.

सरांना फोन केला. त्यांना कमी ऐकू येतं.
"वजिराचं? म्हातारी झालीस का?"
"क्वीन म्हणतात आता मुलं!" मी ओरडले,
आणि ओरडता ओरडता लक्षात आलं,
आपल्या पटावर बाईच नव्हती कधी.
राजा, त्याचा वजीर, जनावरं, पायदळ.
सगळ्यात लांब चालणारं मोहरं
मी इतकी वर्षं पुरुष समजून जपलं.
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा. मग,
"स्लावला काय करशील?"
म्हणजे परवानगी.

स्लावला दोन पानं. किंग्ज इंडियनला साडेचार.
डचला अर्धं, चिडून.
बेनोनीपुढे प्रश्नचिन्ह, त्यावर चहाचा डाग.

रविवारी मुलुंड, अठरावा बोर्ड.
समोर रेयांश कोटियन, वय अकरा, बाटलीवर डायनासोर.
मी वजिरापुढचं प्यादं डी-चारवर ठेवलं,
घड्याळ दाबलं, चाल सुबक अक्षरात लिहिली.
त्यानं बाहीला नाक पुसलं
आणि बी-पाच खेळला.

ते वहीत नव्हतं.
सोळा पानं पर्समध्ये, पर्स खुर्चीखाली,
आणि त्याचे पाय जमिनीला न टेकता हलताहेत.
मी वजिराकडे पाहिलं.
ती जागेवर होती.